ऊन, दमट हवा आणि गाडीचा रंग : एका कापड व्यापाऱ्याचा तजुर्बा

आमच्या अब्बांनी मला कापडाच्या धंद्यातला पहिला धडा दिला तो दुकानाच्या दारात. गिऱ्हाइकाच्या नजरेस पडावा म्हणून मी लाल कपड्याचा एक तागा दारातल्या फळीवर उभा करून ठेवला होता. महिन्याभराने एक बाई आल्या, तागा उलगडला, तर घडीच्या कडेवर आडवा फिकट पट्टा! आतला कपडा जसाच्या तसा, बाहेरची कड मात्र गुलाबी झालेली. बाईंनी तागा बाजूला सारला. अब्बा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेटा, सावलीला भाडे लागत नाही. माल सावलीत ठेव."

कपड्याच्या बाबतीत ही गोष्ट मी आयुष्यभर पाळली. गाडीच्या बाबतीत मात्र विसरलो. २०१४ साली मी लाल रंगाची मोटार नवी घेतली. वडीगोद्रीत सोलापूर-धुळे रस्त्याच्या कडेला, दक्षिणेकडे तोंड करून ती रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात उभी राहिली. उधारी वसुलीला अंबड, जालना, शहागड, पाचोड अशी फिरली. रंगावरचे तेज कमी झाले की ईदच्या आधी पॉलिशवाल्याकडे नेऊन कंपाउंड मारून घ्यायचो. गाडी आठ दिवस नव्यासारखी दिसायची. सातव्या-आठव्या वर्षी बॉनेटवर आणि टपावर पांढरे डाग उमटले, नंतर पापुद्रे सुटू लागले. फाट्यावरच्या एका उस्तादांना दाखवली. त्यांनी नखाने पापुद्रा उचलला आणि म्हणाले, "चाचा, इसकी तो खाल निकल गई."

ही खाल म्हणजे काय, ती का निघते आणि ती वाचवायची कशी, हे मी त्यानंतर उस्तादांना विचारून, रंगाच्या डब्यांवरचे वाचून आणि जाणकारांशी बोलून समजून घेतले. आपल्या वाचकांत व्यापारी आहेत, टेम्पो-जीपवाले आहेत आणि डेंटिंग-पेंटिंगचे काम करणारे कारागीरही मोठ्या संख्येने आहेत. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी ही हौसेची वस्तू नसून धंद्याचे भांडवल आहे. म्हणून हा लेख.

रंगाचे थर

आजच्या मोटारीवरचा रंग एक नसून चार थरांचा असतो. पत्र्याला लागून गंज रोखणारा थर. कारखान्यात गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून, विजेच्या साहाय्याने हा थर बसवतात. त्यावर प्रायमर सरफेसर. त्यावर खरा रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक थर. आपले कारागीर त्याला नुसते 'क्लिअर' म्हणतात. हे सारे थर मिळून मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक भरतात. क्लिअर तर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ.

या केसाहून पातळ थरावर सारी भिस्त असते. उन्हातले घातक किरण स्वतः शोषून घेणारी आणि रंगाची मोडतोड थांबवणारी रसायने त्यातच मिसळलेली असतात. खालचा लाल, निळा किंवा चंदेरी रंग त्याच्या आडोशाने टिकतो. कंपाउंड मारणे म्हणजे बारीक वाळूसारख्या पावडरीने हा थर घासणे. चमक येते ती वरचा खराब पापुद्रा निघून गेल्यामुळे. दर ईदला मी पैसे देऊन गाडीची खाल थोडी थोडी घासून घेत होतो, आणि ऊन उरलेली संपवत होते.

जुन्या गाड्यांत हा प्रकार नव्हता. अमेरिकेत १९२३-२४ च्या सुमारास ड्यूपॉन्ट कंपनीचा 'ड्युको' हा लवकर वाळणारा रंग मोटारींवर आला. ते नाव आपल्याकडे एवढे रुळले की अशा प्रत्येक रंगाला कारागीर आजही ड्युको म्हणतात. वर क्लिअर नसलेल्या अशा एकेरी रंगावरून हात फिरवला की हाताला रंग लागतो, आणि घासून पॉलिश केले की खालून ताजा रंग वर येतो. आपल्या बाप-दादांची पॉलिशची सवय त्या काळची. क्लिअरच्या गाडीला तीच सवय लावली तर नुकसान होते.

ऊन नेमके काय करते?

सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणारा प्रकाश असतो, उष्णता असते आणि न दिसणारे अतिनील किरण असतात. अतिनील किरणांचा हिस्सा जमिनीवर पोहोचणाऱ्या ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो, पण खोडी सर्वांत जास्त त्यांचीच. रंगाचा राळेसारखा भाग लांब साखळ्यांनी विणलेला असतो, कापडातल्या ताण्या-बाण्यासारखा. अतिनील किरण या साखळ्या तोडतात. तुटलेल्या टोकांना हवेतला प्राणवायू चिकटतो आणि तूट पुढे पसरत जाते. पत्रा जितका गरम, तितके हे काम वेगाने चालते. काळ्या किंवा गडद रंगाच्या बॉनेटवर मे महिन्याच्या दुपारी हात ठेवता येत नाही, पांढऱ्यावर ठेवता येतो. त्यामुळे आपल्या भागात पांढरी गाडी घेण्याचा रिवाज शहाणपणाचा आहे.

पांढऱ्या रंगाचेही एक गुपित आहे. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड नावाची भुकटी असते. तिचे दोन प्रकार वापरात आहेत, अनाटेज आणि रुटाइल. अनाटेज उन्हात आपल्या भोवतालची राळ स्वतःच कुजवते आणि रंगावर खडूसारखी पूड येते. बाहेर वापरायच्या रंगात रुटाइलच हवे. स्वस्त डब्यातला पांढरा रंग दोन उन्हाळ्यांत पूड सोडू लागला, तर त्यामागे हे एक कारण असू शकते.

लाल रंगाचे म्हणाल तर कपड्यात आणि गाडीत तो सारखाच नाजूक. कापडाच्या व्यापारात रंगाचा उन्हातला पक्केपणा १ ते ८ अशा अंकांनी मोजतात. १ म्हणजे लगेच उडणारा, ८ म्हणजे फार टिकणारा. हळदीचा पिवळा बघता बघता उडतो, नीळ त्या मानाने पुष्कळ टिकते. गाडीच्या लाल रंगातही भारी आणि हलकी रंगद्रव्ये असतात. रंग पुन्हा मारायचा असेल तेव्हा डबा स्वस्त आहे की महाग, हे पाहण्याआधी तो गाडीच्या बाहेरच्या अंगासाठी बनवला आहे का, हे विचारावे.

टप आणि बॉनेट आधी का जातात? आपला वडीगोद्रीचा परिसर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. दरवाजांवर ऊन तिरपे पडते, टपावर सरळ. जुनी गाडी पाहताना दारावरचा रंग पाहून भुलू नये. आधी टप पाहावा.

फ्लोरिडा आणि ॲरिझोना आपल्याच दारात

रंग बनवणारे जगभरचे कारखाने आपल्या रंगाची परीक्षा कुठे घेतात, हे ऐकून मला नवल वाटले. रंग लावलेले पत्र्याचे तुकडे ते अमेरिकेत दोन ठिकाणी पाठवतात. एक दक्षिण फ्लोरिडा, तिथे ऊन आहे आणि हवा दमट आहे. दुसरे ॲरिझोना, तिथे ऊन कडक आणि हवा कोरडी आहे. हे तुकडे तिथे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे उघड्यावर ठेवतात. एका ठिकाणी टिकलेला रंग दुसरीकडे टिकेलच असे नसते, म्हणून दोन्ही ठिकाणे.

आता आपले मराठवाडा पाहा. मार्च ते मे पारा चाळिशीच्या पुढे, हवा कोरडी, वर धूळ. हे आपले ॲरिझोना. जून ते सप्टेंबर पाऊस, मधेच उघडीप पडली की चटका देणारे ऊन आणि घामाघूम करणारी दमट हवा. हे आपले फ्लोरिडा. गाडी एकच, आणि तिला दरवर्षी दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. उन्हाळ्यात ऊन साखळ्या तोडते. पावसाळ्यात ओल त्या बारीक भेगांत शिरते आणि थरांची पकड ढिली करते. पुढच्या उन्हाळ्यात पापुद्रा सुटतो. माझ्या गाडीचे असेच झाले.

रत्नागिरी, रायगड, मुंबई, भिवंडीकडच्या वाचकांना याशिवाय तिसरा शत्रू आहे. समुद्राच्या हवेतले मीठ ओल धरून ठेवते. दगड उडून रंगाचा टवका गेला असेल तिथे गंज आत आत धावतो. त्यांनी टवक्यांवर वेळीच टच-अप रंग लावावा आणि गाडी खालून गोड्या पाण्याने धूत जावी.

रंगाची तपासणी

रंग कोणत्या अवस्थेत आहे हे कळण्यासाठी एक पांढरा सुती रुमाल पुरे. गाडी धुऊन, सावलीत वाळवून, थोडे पॉलिश लावलेला रुमाल टपावर घासावा. रुमालाला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर नाही, रंग एकेरी आहे. असा रंग घासून पॉलिश केल्यावर पुष्कळदा परत येतो. रुमाल नुसता मळला, रंग लागला नाही, तर वर क्लिअर आहे.

क्लिअर मंद झाला असेल, त्यावर केसासारख्या गोल रेघा दिसत असतील, तर एखादे हलके पॉलिश चालते. पण क्लिअरला पांढरे डाग पडून कडा उचलल्या असतील, तर जगातले कोणतेही पॉलिश, मेण किंवा कोटिंग त्याला वाचवू शकत नाही. तो भाग घासून नव्याने रंग आणि क्लिअर मारणे हाच उपाय. डाग झाकून देतो असे सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

पहिला उपाय सावली

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय सावलीचा. दुपारनंतर इमारतीच्या पूर्वेला सावली पडते. गाडी दिवसभर उभी राहणार असेल तर तिथे लावावी. झाडाची सावली चांगली, पण झाड पाहून निवडावे. लिंबोळ्या पिकतात त्या दिवसांत लिंबाखाली पाखरे बसतात आणि त्यांची विष्ठा गाडीवर पडते. त्या विष्ठेतल्या पांढऱ्या भागात युरिक आम्ल असते. तापलेल्या रंगावर ती वाळली की काही तासांतच कायमचा डाग पडू शकतो. पडल्याबरोबर ओला रुमाल दोन मिनिटे ठेवून, न घासता उचलून घ्यावी. आंब्यावरच्या किडीचा चिकट गोड रसही असाच वाईट.

आपल्या जालना जिल्ह्यात बियाण्यांच्या प्लॉटसाठी शेडनेट पुष्कळ शेतकऱ्यांनी उभारले आहेत. हेच नेट गाडीच्या सावलीला उत्तम. ५० टक्के, ७५ टक्के अशा सावलीच्या प्रमाणात ते मिळते. गाडीसाठी ७५ टक्के किंवा त्याहून दाट घ्यावे. चार लोखंडी पाइप, वर ताणलेले नेट, एवढ्यात काम होते. हवा खेळती राहते आणि वादळात पत्र्यासारखे उडून कुणाला इजा करत नाही. आखाती देशांत कामाला गेलेल्या आपल्या भावांनी तिथल्या दवाखान्यांसमोर, दुकानांसमोर गाड्यांसाठी कापडी छप्परे ताणलेली पाहिली आहेत. त्यांचा तजुर्बा इथे कामाला यावा.

धुणे आणि पुसणे

आता माझी दुसरी चूक सांगतो. कापडाच्या दुकानात तुकडे पुष्कळ उरतात. रोज सकाळी एखादा मांजरपाटाचा किंवा टेरिकॉटचा तुकडा घेऊन नोकर गाडी कोरडीच पुसायचा. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, तो खरखरीत असतो. त्यात रस्त्याच्या धुळीतले बारीक कण अडकले की तो घासकागदच झाला. उन्हात बॉनेटवर दिसणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा या पुसण्याने आलेल्या.

कोरडे पुसणे बंद करावे, हा पहिला नियम. आधी पाण्याने धूळ खाली वाहू द्यावी, मग हात लावावा. पाणी कमी असते हे मला माहीत आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो काळ कुणी विसरलेला नाही. अशा वेळी पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप उपयोगी पडतो. एका पंपात छोटी गाडी आधी भिजते आणि मग धुऊन निघते. पंप मात्र नवा आणि फक्त पाण्यासाठीच ठेवावा. तणनाशक किंवा औषध मारलेला वापरू नये.

धुण्याला कपड्याची पावडर किंवा सोडा वापरू नये. त्याने वरचे मेण निघून जाते. गाडी धुण्याचा शाम्पू थोडाच लागतो. दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि एक कपडा खळबळण्याची. तापलेल्या बॉनेटवर पाणी टाकू नये. आपल्या बोअरचे पाणी जड, ते उन्हात वाळले की क्षारांचे गोल डाग मागे राहतात. म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी सावलीत धुवावे आणि लगेच टिपून घ्यावे.

टिपण्यासाठी मायक्रोफायबरचा कपडा घ्यावा. हा पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या अतिशय बारीक, चिरलेल्या धाग्यांचा असतो. धूळ त्याच्या लवीत शिरते, रंगावर घासली जात नाही. विकत घेतल्यावर कडेचे लेबल कापून टाकावे, तो वेगळा धुवावा आणि जमिनीवर पडला तर धुतल्याशिवाय गाडीला लावू नये.

उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांनी गाळपाच्या दिवसांत पाचट जाळल्याची काजळी गाडीवर साठू देऊ नये. दवाने ती ओली होऊन रंगाला चिकटते. लोखंडाचे काम चालते त्या वसाहतीजवळ गाडी लावणाऱ्यांनी रंगावर बारीक तांबूस ठिपके दिसतात का ते पाहावे. ते रंगात रुतलेले लोहकण असतात. नखाने खरवडू नयेत, त्यासाठी वेगळे द्रावण आणि मातीसारखी क्ले मिळते.

कव्हरचा कपडा

हा माझ्या धंद्याचा विषय, म्हणून थोडे सविस्तर. बाजारात स्वस्त कव्हर मिळते ते बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे, न विणलेले. त्यात उन्हाला तोंड देणारे रसायन घातलेले नसेल तर एक-दोन उन्हाळ्यांत ते हातात कागदासारखे फाटते. नायलॉनही उन्हात कमजोर पडतो. सुती कॅनव्हासमधून हवा खेळते, पण पावसाळ्यात तो भिजून जड होतो आणि त्याला बुरशी येते. प्लास्टिकची ताडपत्री सर्वांत वाईट. खाली अडकलेली ओल उन्हाने वाफ होऊन रंगावर बसते आणि रंगाला फोड येतात.

उन्हात पॉलिएस्टर बराच टिकतो. धाग्यातच रंग भरलेले ॲक्रिलिक त्याहून चांगले. दुकानांच्या छज्जांना बाहेरच्या देशांत तेच वापरतात, पण ते महाग. आपल्याला परवडणारे म्हणजे बाहेरून चंदेरी लेप दिलेले, दाट विणीचे पॉलिएस्टर आणि आतून मऊ फ्लॅनेल. शिलाई पॉलिएस्टरच्या दोऱ्याने करावी, सुती दोरा उन्हात आधी सडतो. हवा जाण्यासाठी दोन बाजूंना झाकलेली भोके ठेवावीत आणि खालून पट्टा बांधावा, म्हणजे वाऱ्यावर कव्हर रंगावर घासणार नाही. धुळीने भरलेल्या किंवा ओल्या गाडीवर कव्हर घालू नये. असे घालण्यापेक्षा न घातलेले बरे.

आपल्या शिलाई कारागिरांना मी आवर्जून सांगतो की इथे काम आहे. गाडीच्या मापाने, चांगल्या कपड्याचे शिवलेले कव्हर तालुक्याच्या ठिकाणी सहजी मिळत नाही. बाजारात मिळते ते ढगळ आणि तकलादू. एकदा माप काढून खाका तयार केला की त्या जातीच्या पन्नास गाड्यांना तो चालतो.

मेण, कोटिंग, फिल्म

मेणाने चमक येते आणि पाणी ओघळून जाते. उत्तम मेण ब्राझीलमधल्या कार्नौबा जातीच्या ताडाच्या पानांपासून मिळते. आपल्या उन्हात ते काही आठवडे टिकते. कृत्रिम सीलंट काही महिने टिकते. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीच्या अखेरीस उन्हाळ्याआधी आणि सप्टेंबरच्या शेवटी पावसाळा संपताना लावले तर साधारण गाडीला पुरे.

हल्ली सिरॅमिक कोटिंगची मोठी जाहिरात होते. हा सिलिकाच्या जातीचा, एक-दोन मायक्रॉनचा कडक थर. त्याने गाडी धुणे सोपे होते, पाखरांच्या घाणीला थोडा वेळ मिळतो. पण तो लावला म्हणजे गाडी उन्हात सोडायला मोकळे झालो असे समजू नये. इतका पातळ थर ऊन फारसे अडवत नाही. फिल्म म्हणजे दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक चामडी. ती ऊन आणि दगड दोन्ही सोसते, मात्र पैसे पुष्कळ लागतात. धंद्याच्या गाडीला शेडनेट आणि सीलंट यांतच हिशेब बसतो. कंपाउंड मात्र नेहमीचे करू नये. गरज पडलीच तर अनेक वर्षांतून एकदा, आणि जाणत्या हातांनीच.

उस्तादांच्या श्वासाचा प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खराब झालेला रंग पुन्हा मारायचा तर क्लिअरमध्ये हार्डनर घालावा लागतो. त्याशिवाय तो उन्हात टिकत नाही. डब्यावर लिहिलेले प्रमाण पाळावे. हार्डनरचा डबा उघडा ठेवू नये, कारण हवेतल्या ओलीने तो बिघडतो. पावसाळ्यात ड्युको मारला की तो पांढुरका पडतो, हे प्रत्येक उस्तादाला ठाऊक आहे. थिनर उडताना पत्रा थंड होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. दमट दिवसांत काम थांबवावे किंवा सावकाश उडणारा रिटार्डर थिनर वापरावा.

पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. १९८४ साली भोपाळमध्ये फुटला तो वायू याच रासायनिक कुळातला. हार्डनर म्हणजे तो वायू नव्हे, पण फुफ्फुसांना तोही सोडत नाही. फवाऱ्याचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला की काहींना दमा जडतो. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की मग अगदी थोड्या वासानेही, किंबहुना वास येण्याआधीच, श्वास कोंडतो. आमच्या ओळखीच्या एका उस्तादांचा हात असा होता की जोड दिसत नसे. चाळिशीतच त्यांना काम सोडावे लागले. आज दोन जिने चढताना ते मध्ये बसतात. आयुष्यभर त्यांनी तोंडाला रुमाल बांधला होता, आणि तो रुमाल माझ्याच दुकानातला होता.

रुमाल विकणारा म्हणून मी सांगतो, रुमालाने धूळ अडते, हा धूर अडत नाही. साधा कागदी मास्कही पुरत नाही. फवारा मारताना बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हे खरे साधन. ते होईपर्यंत निदान रंगकामासाठीचा काडतुसाचा चांगला मास्क तोंडाला घट्ट बसवून वापरावा आणि काडतुसे वेळेवर बदलावीत. हातात नायट्राइलचे मोजे घालावेत, कारण हे रसायन कातडीवाटेही त्रास देते. बंद शेडमध्ये फवारा मारू नये, धूर बाहेर फेकणारा पंखा बसवावा. काम शिकायला आलेल्या पोरांना त्या वेळी जवळ उभे करू नये. छातीत घरघर, रात्रीचा खोकला, सुट्टीच्या दिवशी बरे वाटणे ही लक्षणे असतील तर डॉक्टरांना आपला धंदा सांगावा. हे न सांगितल्याने पुष्कळदा चुकीचे औषध चालू राहते.

गाडीवाल्यांनीही आपला वाटा उचलावा. आपण उस्तादांशी शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो आणि मग ते मास्कच्या काडतुसांत काटकसर करतात. दर ठरवताना हा खर्च आपला समजावा.

शेवटी हिशेब

माझी लाल गाडी मी मागच्या वर्षी विकली. घेणाऱ्याने टपावरच्या डागांपोटी तीस हजार कापले. एका पॉलिशवाल्याने मला सांगितले होते की डाग दोन महिने झाकून देतो, तेवढ्यात विकून टाका. मी तसे केले नाही. गिऱ्हाइकाला टप दाखवला, पापुद्रा दाखवला, दर कमी घेतला. फिकट घडी आत दुमडून तागा विकायचा नाही, हाही अब्बांचाच धडा होता. तीस हजार गेले ते माझ्या हयगयीने. ते दुसऱ्याच्या खिशातून काढण्याचा मला हक्क नव्हता.

नवी गाडी पांढरी घेतली. ती दुकानाच्या पूर्वेला, जुन्या शेडनेटच्या छपराखाली उभी असते. पाइप, नेट आणि वेल्डिंग मिळून जो खर्च आला, तो पहिल्या गाडीच्या नुकसानीच्या पासंगालाही पुरत नाही. रंग बदलून गाडी रंगवण्याचा कुणाचा विचार असेल तर आर.सी. बुकात त्याची नोंद करून घ्यावी, नाहीतर विकताना अडचण येते.

व्यापारी बांधवांनो, उन्हाळा दरवर्षी येणार आणि पावसाळाही. सकाळी दुकान उघडताना आपण दारातला माल सावलीत सरकवतो. त्याच वेळी गाडीही दहा पावले सरकवावी, आणि उस्तादांकडे गेलात तर आधी त्यांच्या तोंडावरचा मास्क पाहावा, मग रंगाचा भाव विचारावा.